विषाला हात न लावता: रासायनिक-जैविक बचावाच्या संशोधनात उतरणाऱ्या छोट्या कंपनीसाठी

लष्कराला विषारी वायूपासून वाचवणारं काहीतरी बनवायचंय असं सांगितलं, की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: मग ते विष तुम्ही आणणार कुठून? कुठूनच नाही. या क्षेत्रात छोट्या कंपनीचं जवळजवळ सगळं काम विषाच्या आजूबाजूचं असतं. हवा खेचणारा पंप, मुखवट्याची रबरी कड, गाळणीतला कोळसा, इशारा देणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर, पावसात न गंजणारी पेटी. भोसरी, अंबड, वाळूज, बुटीबोरीत या जातीची कामं वर्षानुवर्षं होतात, फक्त ती मोटारींसाठी, औषधांसाठी, पंपांसाठी होतात. तेच कौशल्य इकडे वळवायचं असेल तर कोणत्या क्रमाने जावं, ते सांगतो.

आधी बाजार बघा, मग प्रयोगशाळा

फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने लार्सन अँड टुब्रोशी करार केला: २२३ ‘अकाडा’ यंत्रं, ८०.४३ कोटी रुपये. अकाडा म्हणजे हवेतला रासायनिक अस्त्राचा अंश ओळखून इशारा देणारं यंत्र. आराखडा ग्वाल्हेरच्या डीआरडीईचा. डीआरडीओच्या या प्रयोगशाळेचं कामच रासायनिक आणि जैविक बचाव हे आहे.

भागाकार केला तर नगामागे साधारण ३६ लाख येतात आणि ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. मी मात्र त्या २२३ कडे बोट दाखवतो. एवढ्या मोठ्या फौजेची खरेदी, आणि नग अडीचशेच्या आत. तुम्ही महागडी डाय करून घेतली, स्वच्छ खोली बांधली, माणसं भरली, आणि पुढची ऑर्डर चार वर्षांनी आली तर? म्हणून या धंद्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून दोन गिऱ्हाइकं धरूनच मांडायचा: एक वर्दीतलं, एक कारखान्यातलं. कारखान्यातल्या गिऱ्हाइकाकडे शेवटी येतोच.

त्याच कराराच्या घोषणेत आणखी एक गोष्ट होती. यंत्राचे ८० टक्क्यांहून अधिक सुटे भाग आणि उपयंत्रणा देशातून घेणार. नवख्या कंपनीसाठी दार तिथे आहे. अख्खं यंत्र बनवायची हौस पहिल्याच वर्षी नको. मोठ्या कंपनीला किंवा प्रयोगशाळेला अडलेला एक भाग उत्तम करून द्या.

पहिली पायरी: तुमचा तुकडा ठरवा

क्षेत्राचे ढोबळ चार भाग पडतात. धोका ओळखणं, अंगाचा बचाव, आसरा आणि वाहनं, आणि लागलेलं विष धुऊन काढणं. उपचाराची औषधं हा पाचवा, पण त्याचा रस्ता औषध नियंत्रकांकडून जातो आणि तो छोट्या कंपनीला सहसा झेपत नाही. आसरा आणि वाहनांचं बरंचसं काम महाराष्ट्रातच होतं: पुण्यात दिघीला डीआरडीओची लष्करी अभियांत्रिकीची प्रयोगशाळा आर अँड डीई, अहिल्यानगरला वाहनांची व्हीआरडीई. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये सैन्याला या विषयाचं प्रशिक्षण दिलं जातं. ज्यांच्यासाठी बनवायचं, ती माणसं तासाभराच्या अंतरावर आहेत, हे पुणेकरांनी लक्षात घ्यावं.

छोट्या कंपनीला सगळ्यात जास्त वाव मला पहिल्या दोन भागांत दिसतो.

धोका ओळखणारं यंत्र घ्या. अकाडासारखी यंत्रं आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमेट्रीवर चालतात. पंप हवा आत ओढतो, त्या हवेतल्या रेणूंवर विद्युतभार चढवला जातो, मग ते एका छोट्या नळीतून विद्युतक्षेत्राच्या जोरावर धावतात. हलके, आटोपशीर रेणू लवकर पोचतात, बोजड उशिरा. पोचायला लागलेल्या वेळेवरून यंत्र ओळख पटवतं. तत्त्व जुनं आहे आणि त्याचे पेपर ढिगाने मिळतात. अडचण वेगळीच आहे: डिझेलचा धूर, अत्तर, फरशी पुसायचं फिनेल, रंगाचा वास, यांतलं काहीही यंत्राला फसवू शकतं. तुमचा पहिला नमुना तयार झाला की ऑफिसात चालू ठेवा, शेजारी उदबत्ती लावा, दाराबाहेर जनरेटर सुरू करा, कोणाला तरी डिओ मारून आत यायला सांगा. यंत्र किंचाळलं तर अजून बरंच काम बाकी आहे. खोटा इशारा दोनदा वाजला की जवान तिसऱ्यांदा मुखवटा चढवत नाही, आणि तिसरा इशारा खरा असू शकतो. म्हणून यंत्र किती सूक्ष्म अंश पकडतं यापेक्षा ते कशाला फसत नाही, यावर तुमच्या तंत्रज्ञांचे महिने खर्ची पडू द्या. सिग्नल प्रोसेसिंग येणारी दोन हुशार पोरं इथे कुठल्याही महागड्या उपकरणाहून उपयोगी पडतात.

याच यंत्राबद्दल एक कागदी सूचना. रेणूंवर भार चढवायला पारंपरिक रचनेत निकेल-६३ हा किरणोत्सर्गी स्रोत वापरतात. तो घेतला की अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, साठवणुकीचे नियम, प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी, सगळं मागोमाग आलं. कोरोना डिस्चार्जसारखा (बारीक टोकाला उच्च विद्युतदाब देऊन भार चढवण्याचा) बिनकिरणोत्सर्गी मार्ग तंत्राला थोडा त्रासदायक, पण छोट्या कंपनीचे कागद निम्म्यावर येतात. हा निर्णय ड्रॉइंग काढायच्या आधी घ्या.

आता मुखवटा. दिसायला साधा, म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात. डब्यात आधी बारीक कण अडवणारा पापुद्रा आणि त्यामागे धातूंचे क्षार मुरवलेला सक्रिय कोळसा. कोळसा नुसता शोषतो, क्षार काही वायूंशी रासायनिक क्रिया करून त्यांना संपवतात. नारळाच्या करवंटीपासून असा कोळसा बनवणारे उत्पादक आपल्या देशात आहेत. त्यामुळे डब्याचं कोडं सुटण्यासारखं आहे. खरं कोडं चेहऱ्याचं. मुखवट्याची कड गालाला घट्ट बसली नाही तर डबा कितीही भारी असो, हवा सोपी वाट धरते आणि कडेने आत शिरते. नाकाची उंची, गालफडं, हनुवटी प्रांतागणिक बदलतात. परदेशी साच्यावर काढलेला ‘मीडियम’ आपल्याकडच्या बऱ्याच चेहऱ्यांना सैल होतो. त्यात दाढी. शीख जवानाला दाढी काढ असं कोणी सांगू शकत नाही, आणि कडेखाली केस आले की बंदपणा गेला. डोक्यावरून पूर्ण टोपरं, मानेशी बंद आणि आत पंखा लावून किंचित जास्त दाब, हा एक उपाय आहे. मग बॅटरी, वजन आणि आवाज हे प्रश्न उभे राहतात. रबर मोल्डिंग करणाऱ्या माणसाला इथे करण्यासारखं भरपूर आहे.

संरक्षक कपड्यांबद्दल एवढंच: मे महिन्यात राजस्थानात तो सूट घालून जवान किती वेळ काम करू शकेल, हे आधी विचारा. विष अडवणारं कापड बनतं. घाम बाहेर सोडून विष अडवणारं कापड बनवणं अवघड. कापड आणि साहित्याच्या बाजूला डीआरडीओची कानपूरची डीएमएसआरडीई ही प्रयोगशाळा आहे.

जैविक बाजूचं गणित निराळं. वायू सेकंदांत कळतो, जंतू नाही. आधी हवा गोळा करायची, तिच्यातले कण द्रवात उतरवायचे, मग पट्टी किंवा पीसीआरने तपासायचं. कोविडच्या काळात मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबने देशी पीसीआर किट आणलं, तेव्हापासून पट्ट्या आणि किटं जाणणारी माणसं पुण्यात चांगलीच वाढली आहेत. त्यामुळे तपासणीपेक्षा हवा गोळा करणारं, बॅटरीवर चालणारं, खांद्यावर मावणारं यंत्र ही जागा मला जास्त मोकळी दिसते.

दुसरी पायरी: कायदा, आणि तोही सुरुवातीलाच

रासायनिक अस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू झाला. भारताने आपल्याकडे साठा असल्याचं तेव्हा जाहीर केलं आणि २००९ मध्ये तो पूर्ण नष्ट केला. हा करार अस्त्रांना बंदी घालतो, बचावाच्या संशोधनाला नाही. बचावाचा हेतू त्यात स्पष्टपणे मान्य आहे. जैविक अस्त्रबंदी करार १९७५ पासून लागू आहे आणि त्याचंही तसंच. मात्र ‘आमचा हेतू चांगला होता’ हे तोंडी सांगून चालत नाही, कागदावर दिसावं लागतं.

आपल्याकडे यासाठी रासायनिक अस्त्रबंदी करार अधिनियम, २००० आहे, आणि तो राबवणारं राष्ट्रीय प्राधिकरण, एनएसीडब्ल्यूसी, दिल्लीत मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत बसतं. करारात रसायनांच्या तीन अनुसूची आहेत. पहिलीतली रसायनं म्हणजे प्रत्यक्ष अस्त्रं आणि त्यांचे अगदी जवळचे नातलग. त्यांच्याशी तुमचा संबंध येऊ देऊ नका. दुसरी आणि तिसरी अनुसूची फसवी, कारण त्यातली काही रसायनं रंग, कीटकनाशकं, औषधं, आगरोधक यांत रोज वापरली जातात. तुमच्या खरेदीच्या यादीतलं प्रत्येक नाव, सीएएस क्रमांकासकट (प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक), या अनुसूचींशी ताडून बघा आणि तो तक्ता तारीख घालून फाइलला लावा. कोणी विचारलं तर पहिलं पान हेच दाखवायचं.

अडलं तर मुंबईची इंडियन केमिकल कौन्सिल या कराराबाबत उद्योगांना मदत करते. हा करार जगभर राबवणाऱ्या ओपीसीडब्ल्यू या संघटनेचा २०२४ चा ओपीसीडब्ल्यू-द हेग पुरस्कार याच संस्थेला मिळाला. वकिलाकडे जाण्याआधी इथे विचारावं, असं माझं मत.

जंतूंवर काम असेल तर १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. छोट्या कंपनीला ती स्वतः उभी करणं जड जातं, म्हणून सुरुवात एखाद्या संशोधन संस्थेच्या इन्क्युबेटरमध्ये केलेली बरी. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर हे त्यातलं ओळखीचं नाव.

तिसरी पायरी: बदली पदार्थावर काम करा

खऱ्या विषाऐवजी त्याच्यासारखा वागणारा, पण त्या मानाने निरुपद्रवी पदार्थ वापरतात. त्याला सिम्युलंट म्हणतात. मस्टर्ड वायूसाठी मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा तो वास. संरक्षक सूट कुठून गळतो हे तपासायला जगभर हाच वापरतात. अँथ्रॅक्सच्या जागी बॅसिलस कुळातले निरुपद्रवी जिवाणू, विषाणूच्या जागी माणसाला न लागणारा एमएस-२ फेज, म्हणजे फक्त जिवाणूंना लागणारा विषाणू.

इथे एक खड्डा आहे. डीएमएमपी नावाचं रसायन सिम्युलंट म्हणून शोधनिबंधांत सर्रास दिसतं. नवखा माणूस ते वाचतो आणि ऑर्डर टाकतो. डीएमएमपी स्वतः दुसऱ्या अनुसूचीत आहे! सिम्युलंट म्हणतात म्हणून ते यादीबाहेरचं होत नाही. आधी तक्ता, मग ऑर्डर.

सिम्युलंटवरचा निकाल हा खऱ्या विषावरचा निकाल नव्हे, हे अर्जातही तसंच लिहा. खऱ्या विषावरची चाचणी ग्वाल्हेरला, त्यांच्या देखरेखीत, त्यांच्या माणसांकडून होते. तुम्ही यंत्र द्यायचं आणि अहवालाची वाट बघायची. या वाट बघण्यासाठी वेळापत्रकात भरपूर जागा ठेवा.

चौथी पायरी: पैसा

आधी कागद: कंपनीची नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, आणि बसत असेल तर केंद्राच्या उद्योग विभागाची, डीपीआयआयटीची, स्टार्टअप मान्यता. मान्यता फुकट आहे आणि सरकारी खरेदीत बयाणा रक्कम, उलाढाल, पूर्वानुभव यांच्या अटी तिच्यामुळे शिथिल होतात. नाही घेतली तर आपलंच नुकसान.

मग तीन दारं. पहिलं आयडेक्स, संरक्षण मंत्रालयाचं, २०१८ पासून. लष्कर, नौदल, हवाई दल आपापल्या अडचणी आव्हान म्हणून मांडतात आणि स्टार्टअप, लघुउद्योग, एकटे संशोधकसुद्धा उत्तर देतात. अनुदान दीड कोटीपर्यंत, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटीपर्यंत, आणि २०२४ मध्ये आलेल्या अदितीमध्ये २५ कोटीपर्यंत. पण अनुदान खर्चाच्या निम्म्यापर्यंतच. उरलेलं निम्मं तुमचं. हे वाक्य लोक वाचतात आणि विसरतात.

दुसरं दार डीआरडीओच्या टीडीएफचं, म्हणजे तंत्रज्ञान विकास निधीचं. प्रकल्प ५० कोटीपर्यंतचा, खर्चाचा ९० टक्क्यांपर्यंत वाटा ते उचलतात. ऐकायला आयडेक्सहून गोड, पण इथे तयार होणाऱ्या बौद्धिक संपदेत डीआरडीओ भागीदार असते. तुमच्या कंपनीची सगळी किंमत एकाच अल्गोरिदममध्ये असेल तर सही करण्याआधी दोन रात्री विचार करा. उलट तुमचं बळ उत्पादनात असेल, तर भागीदारीने फारसं बिघडत नाही.

तिसरं दार बायरॅकचं, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या कंपनीचं, जैविक कामासाठी. त्यांच्या बिग योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी ५० लाखांपर्यंत मिळतात, मुदत १८ महिने. हवेतले जंतू गोळा करणारं यंत्र रुग्णालयातल्या संसर्गासाठी म्हणून इथे मांडा आणि लष्करी रूप पुढे आयडेक्सला न्या, असं करता येतं. फक्त एकाच खर्चाचं बिल दोन्हीकडे दाखवू नका. सीएला पहिल्याच दिवशी दोन वेगळी खाती ठेवायला सांगा.

तिन्हीकडे पैसे टप्प्याने येतात. टप्पा पूर्ण, तपासणी, मग हप्ता, आणि तपासणी व हप्ता यांच्यामध्ये पगाराच्या तारखा येतात. सहा महिन्यांचं खेळतं भांडवल हाताशी नसेल तर अर्जच करू नका, इतकं मी स्पष्ट सांगतो. चांगली यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या इथेच बुडतात.

पाचवी पायरी: अर्ज

आव्हानाचं निवेदन छापून घ्या आणि हिरव्या पेनाने क्रियापदं अधोरेखित करा. ओळखावं, इशारा द्यावा, नोंद ठेवावी, इतर यंत्रांना कळवावं. अर्जात प्रत्येक क्रियापदाला एक परिच्छेद. परीक्षकांमध्ये वापरणारा अधिकारी असतो, त्याला तुमच्या पीएचडीपेक्षा यंत्राचं वजन, बॅटरी किती तास, हातमोजे घालून बटण दाबता येतं का, यात रस असतो. हातमोज्यांचं तर विसरूच नका. जाड ब्यूटाइल रबराचे मोजे घालून टचस्क्रीन वापरायचा प्रयत्न एकदा करून बघा.

सुटे भाग कुठल्या देशातले, हा प्रश्न येणारच. ‘बाय इंडियन-आयडीडीएम’ या, म्हणजे भारतातच आराखडा, विकास आणि उत्पादन झालेल्या मालाच्या खरेदीच्या, वर्गात किमान ५० टक्के देशी अंश लागतो. चिनी सेन्सर स्वस्त पडतो म्हणून नमुन्यात बसवला आणि नंतर बदलू म्हटलं, तर सगळं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं.

सादरीकरणात कशाची पूर्ण खात्री देऊ नका. ‘अमुक सिम्युलंटवर, अमुक तापमानाला, इतक्या सेकंदांत’ असं बोला.

सहावी पायरी: ट्रायल

लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पर्यावरणीय चाचण्यांसाठी जेएसएस ५५५५५ हे मानक आहे. उष्णता, थंडी, दमट हवा, धूळ, कंपनं, आपटणं. यातली दमट हवेची चाचणी कोकणातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही: जुलैत जे कपाटातल्या चपलांचं होतं, तेच सर्किट बोर्डाचं होतं. आयन मोबिलिटीच्या यंत्रात तर बाष्प थेट मोजमापातच लुडबुड करतं, म्हणून ओलावा शोषणाऱ्या भागाची रचना सुरुवातीपासून करा, शेवटी चिकटवू नका.

सैन्याच्या ट्रायल ‘एनसीएनसी’ तत्त्वावर चालतात, म्हणजे खर्च तुमचा आणि खरेदीची हमी नाही. यंत्र वाळवंटात न्यायचं, डोंगरावर न्यायचं, दोन माणसं महिनाभर तिथे ठेवायची, बिघडलं तर जागेवर दुरुस्त करायचं. सोबत जास्तीचे नग, सुटे भाग आणि मराठी-इंग्रजीपेक्षा हिंदीत लिहिलेली एका पानाची वापरपुस्तिका न्या. सुभेदार साहेब ती वाचतील आणि त्यांनी ‘चीज ठीक है’ म्हटलं की निम्मं काम झालं.

सातवी पायरी: कारखान्यातलं गिऱ्हाईक

भोपाळला १९८४ मध्ये माणसं मेली ती कुठल्या शत्रूने मारली नव्हती. विशाखापट्टणमला मे २०२० मध्ये स्टायरीनची गळती झाली तीही कारखान्यातूनच. तारापूर, तळोजा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ, इथल्या कारखान्यांत क्लोरीन, अमोनिया आणि सॉल्व्हंटं रोजची आहेत. तुमचा पंप, तुमचा मुखवटा, तुमचं इशाऱ्याचं सॉफ्टवेअर यांना इथे आजच गिऱ्हाईक आहे. लष्करी रूपातला महागडा भाग काढून साधं रूप करा, अग्निशमन दलाला दाखवा, औद्योगिक वसाहतीतल्या परस्पर मदत गटाच्या सरावात नेऊन ठेवा. पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची ५ वी बटालियन आहे. गळतीच्या ठिकाणी आधी पोचणाऱ्यांना काय अडतं, हे तिथली माणसं चांगलं सांगू शकतात.

या विक्रीतून आलेला पैसा दोन लष्करी हप्त्यांमधली दरी भरतो. शिवाय खऱ्या कारखान्यात यंत्र वर्षभर चालल्याची नोंद हा पुढच्या अर्जातला तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

परदेशातून विचारणा आली तर

संकेतस्थळावर फोटो टाकले की ती येतेच. थांबा. दुहेरी वापराच्या वस्तूंची स्कोमेट नावाची यादी आहे, परदेशी व्यापार महासंचालनालयाची. विषारी रसायनं आणि जंतू तर त्यात आहेतच, त्यांच्याशी निगडित उपकरणं आणि तंत्रज्ञानही आहे. भारत जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटाचा, म्हणजे अशा वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला, तेव्हापासून या बाबतीत बघणाऱ्यांची नजर अधिक बारीक आहे. तुमचं यंत्र यादीत बसतं की नाही हे उत्तराचा मेल लिहिण्याआधी तपासा, बसत असेल तर महासंचालनालयाच्या पोर्टलवर परवान्यासाठी अर्ज करा. फुकट पाठवलेला एक नमुना नगही निर्यातच धरला जातो, आणि यादीतल्या तंत्रज्ञानाचं ड्रॉइंग मेलला जोडून पाठवणं हीसुद्धा.